मान ताठ ठेव: टुपाकच्या ‘कीप या हेड अप’ या गाण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी हे गाणं भेटेल त्याला ऐकवत आले आहे. भाचरांना ऐकवलं, शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींना ऐकवलं, एकदा महिला दिनाच्या कार्यक्रमातही लावलं. गाणं संपलं की प्रश्न सुरू होतात, आणि बहुतेक तेच ते असतात. दर वेळी तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून ही उत्तरं एकदा लिहून ठेवते आहे.

गाणं कोणाचं आणि कधीचं?

टुपाक शकूर या अमेरिकन रॅपरचं. १९९३ साली आलेल्या त्याच्या दुसऱ्या अल्बममधलं हे गाणं त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी स्वतंत्र सिंगल म्हणून निघालं. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ते १२ व्या क्रमांकापर्यंत चढलं आणि रॅपच्या यादीत पहिलं आलं. संगीत डीजे डॅरिलचं आहे, ध्रुवपद डेव्ह हॉलिस्टरने गायलं आहे.

नावाचा अर्थ ‘डोकं वर ठेव’. मराठीत मात्र मी नेहमी ‘मान ताठ ठेव’ असंच सांगते. आपल्याकडे ‘मान’ या एका शब्दात गळाही येतो आणि प्रतिष्ठाही, आणि या गाण्याला दोन्ही हवं आहे.

लताशा हार्लिन्स कोण होती?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात आधी यायला हवा.

लताशा ही लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात राहणारी १५ वर्षांची ब्लॅक मुलगी. आई ती लहान असतानाच मारली गेली होती. आजी तिला आणि तिच्या भावंडांना सांभाळत होती. मोठं होऊन वकील व्हायचं असं ती म्हणायची. (नाव मराठी कानाला आपल्या लताच्या जवळचं वाटतं. मला तरी पहिल्यांदा वाचताना तसं वाटलं, आणि मग ती परकी राहिलीच नाही.)

१६ मार्च १९९१ च्या सकाळी ती जवळच्या दुकानात संत्र्याच्या रसाची बाटली घ्यायला गेली. किंमत १ डॉलर ७९ सेंट. बाटली तिने पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवली आणि पैसे हातात घेऊन गल्ल्याकडे आली. दुकानाच्या मालकिणीला ती चोरी वाटली. मालकिणीने तिला धरून ओढलं, झटापट झाली, लताशाने तिला ठोसे मारले. मग बाटली काउंटरवर ठेवून ती पाठ फिरवून निघाली, तेव्हा मालकिणीने मागून डोक्यात गोळी घातली. लताशा जागीच गेली. तिच्या मुठीत दोन डॉलर सापडले.

हे सगळं दुकानाच्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं होतं. ज्युरीने मालकिणीला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. या गुन्ह्याला १६ वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. न्यायाधीशांनी दिली ती पाच वर्षांची प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि ५०० डॉलर दंड. दोषी ठरल्यावरही ती बाई तुरुंगात गेली नाही. एप्रिल १९९२ मध्ये वरच्या न्यायालयाने ही शिक्षा कायम केली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला रॉडनी किंग या ब्लॅक माणसाला मारहाण केल्याच्या खटल्यातले पोलीस सुटले आणि शहर पेटलं. त्या दंगलींचा इतिहास सांगताना रॉडनी किंगचं नाव सगळे घेतात. त्याला झालेल्या मारहाणीनंतर अवघ्या तेरा दिवसांनी मारल्या गेलेल्या मुलीचं नाव फार थोडे घेतात.

मालकीण कोरियन स्थलांतरित होती, हेही सांगायला हवं. त्या भागात ब्लॅक गिऱ्हाईक आणि कोरियन दुकानदार यांच्यात आधीपासून तणाव होता, आणि दंगलीत हजारो कोरियन दुकानं जळाली, लुटली गेली. एका मुलीच्या खुनाचा न्याय कोर्टात झाला असता, तर त्या रागाचं ओझं त्या दुकानदारांवर इतकं पडलं नसतं, असं मला वाटतं.

पण गाणं ऐकलं, त्यात लताशाचं नाव कुठेच नाही?

बरोबर. ते व्हिडिओत आहे. व्हिडिओच्या सुरुवातीला पडद्यावर अक्षरं येतात की हे गाणं लताशा हार्लिन्सच्या स्मृतीस अर्पण. ऑडिओमध्ये सुरुवातीला तो आपल्या गॉडसनचं आणि एका छोट्या मुलीचं नाव घेतो, लताशाचं नाही. फक्त गाणं ऐकणाऱ्याला ती कळतच नाही. टुपाकने पुढे आणखी काही गाण्यांत तिचा उल्लेख केला.

मी दर वेळी तिच्यापासून सुरुवात करते ती यासाठीच. गाणं बायकांच्या सन्मानाचं आहे असं म्हटलं की मान डोलावून मोकळं होता येतं. एका मुठीतले दोन डॉलर डोळ्यांसमोर असले की तसं होता येत नाही.

गाण्यात तो नेमकं काय म्हणतो? इंग्रजी पटकन कळत नाही.

तीन कडवी आहेत. शब्दशः भाषांतर करत नाही, आशय सांगते.

पहिलं कडवं बायकांशी बोलत सुरू होतं. सरकारी मदतीवर जगणाऱ्या बहिणींना तो हाक मारतो: दुसऱ्या कोणाला नसली तरी मला तुमची काळजी आहे. एखादा पुरुष तुला कस्पटासमान लेखत असेल तर त्याचं ऐकू नकोस, त्याला प्रेम करता येत नसेल तर सोड त्याला. पोरं जन्माला घालून पळ काढणाऱ्या बापांवर तो चिडतो. आणि मग एका श्वासात तो पुरुषांकडे वळतो. आपण सगळे बाईच्या पोटी आलो, नाव बाईकडून मिळालं, शहाणपण बाईकडून मिळालं, तर मग आपण बायकांना लुबाडतो का, त्यांच्यावर बलात्कार करतो का, आपल्याला बायकांचा द्वेष आहे का?

माझ्या मते गाण्याचा कणा हाच आहे. बायकांची स्तुती करणारी गाणी जगात भरपूर आहेत. इथे गाणारा आपल्याच बिरादरीतल्या पुरुषांना उभं करून विचारतो आहे, आणि त्यात ‘आपण’ म्हणतो आहे, ‘तुम्ही’ नाही. हे असंच चालू राहिलं तर आपल्याला जन्म देणाऱ्या बायकांचाच तिरस्कार करणारी पिढी तयार होईल, असंही तो बजावतो.

दुसरं कडवं त्याच्या स्वतःच्या बालपणाचं. गायक मार्विन गेची गाणी ऐकून ब्लॅक असण्याचा अभिमान वाटायचा, घरात चणचण होती तरी भागायचं, आई माझ्यासाठी झिजली आणि मी तिला फक्त स्वप्नं दिली. तिथून तो सरकारवर येतो: युद्धांना पैसा आहे, गरिबांच्या पोटाला नाही.

तिसऱ्या कडव्यात एक गोष्ट घडते ती पहिल्या दोन-तीन वेळा माझ्याही लक्षात आली नव्हती. तो एकट्याने मुलं वाढवणाऱ्या बायकांशी बोलायला लागतो, आणि बोलता बोलता आवाज त्या बाईचाच होतो. ‘माझा मुलगा मोठा होतोय’ हे वाक्य टुपाकचं राहत नाही. आतून मोडलेली, वरून धीट दिसणारी, निदान हा आठवडा तरी निभावू दे म्हणणारी ती आई बोलायला लागते. २२ वर्षांचा, स्वतःचं मूल नसलेला मुलगा तिच्या जागी जाऊन उभा राहतो.

सुरुवातीला बोरं आणि रस असं काहीतरी येतं, ते काय?

ती एक जुनी ब्लॅक म्हण आहे: बोर जितकं काळं तितका रस गोड. वॉलेस थर्मन या लेखकाने १९२९ मध्ये याच म्हणीवरून आपल्या कादंबरीचं नाव ठेवलं होतं. ती कादंबरी गडद रंगाच्या एका मुलीची आहे, जिला ब्लॅक समाजातलेच लोक रंगामुळे हिणवतात. टुपाक म्हण घेतो आणि पुढे नेतो. त्वचा जितकी गडद तितकी मुळं खोल, असं तो म्हणतो. म्हणीत बाई चाखायची वस्तू होती. त्याच्या ओळीत तिच्यामागे पूर्वजांची रांग उभी राहते.

ज्या घरांत विठोबाला सावळा म्हणून ओवाळलं जातं आणि सून मात्र गोरी शोधली जाते, तिथे ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. मी ज्या मुलींना गाणं ऐकवलं त्यांना तर मुळीच लागली नाही.

सरकारी मदत घेणाऱ्या बायकांचा खास उल्लेख कशाला?

कारण त्या काळी अमेरिकेत त्यांच्याइतकी बदनामी दुसऱ्या कोणाची होत नव्हती. १९७६ च्या प्रचारात रोनाल्ड रेगन (जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले) खोटी नावं वापरून सरकारी मदत लाटणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगत फिरले. त्यातून ‘वेल्फेअर क्वीन’ हा शब्द घराघरांत गेला, आणि तो ऐकला की लोकांच्या डोळ्यांसमोर आळशी, मुलांवर मुलं होऊ देणारी ब्लॅक बाई यायची. १९९६ मध्ये ही मदतयोजना मोडीत काढली गेली. अशा बायकांना प्रेमाने, आदराने, नावडत्याच्या नाही तर बहिणीच्या नात्याने हाक मारणं ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

मूल कधी होऊ द्यायचं हे पुरुषाने ठरवू नये, असं तो म्हणतो. हे गर्भपाताबद्दल आहे का?

आहे, आणि त्याहून जास्त आहे. अमेरिकेत १९७३ च्या रो विरुद्ध वेड या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने गर्भपाताला संवैधानिक संरक्षण दिलं होतं; गाणं आलं त्याच्या आदल्या वर्षीच सर्वोच्च न्यायालयाने ते बरंच सैल केलं होतं. (२०२२ मध्ये ते पूर्णच गेलं.) त्यामुळे ओळ वेळेवर आलेली आहे.

पण ब्लॅक बायकांच्या बाबतीत उलट बाजूही तितकीच जळजळीत होती. त्यांना मूल होऊ नये म्हणूनही सरकारने हात चालवले. १९७३ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत १४ आणि १२ वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींची सरकारी पैशातून नसबंदी केली गेली. निरक्षर आईकडून कागदावर फुली मारून घेतली होती. कशासाठी, ते तिला ठाऊक नव्हतं. म्हणून मूल न होण्याचा आणि मूल होण्याचा, दोन्ही हक्क हवेत, ही मागणी पुढे आली. १९९४ मध्ये शिकागोत जमलेल्या ब्लॅक बायकांनी तिला ‘रिप्रॉडक्टिव्ह जस्टिस’ हे नाव दिलं. टुपाकच्या ओळीतला ‘कधी आणि कुठे’ हा भाग मी त्या प्रकाशात ऐकते.

मग याच गाण्यात तो आईला दोष देतो, ते कसं?

चांगलं पकडलंत. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी एक ओळ आहे, जिच्यात भाऊ ‘क्रॅक बेबी’ झाला, म्हणजे आईच्या क्रॅकच्या व्यसनाचा परिणाम घेऊन जन्मला, याचा ठपका आईवर येतो. ही ओळ मला टोचते, आणि मी ती झाकत नाही.

ऐंशीच्या दशकात क्रॅक या कोकेनच्या स्वस्त, ओढायच्या प्रकाराने वस्त्या पोखरल्या. त्याच वेळी १९८६ च्या कायद्याने ५ ग्रॅम क्रॅकला जी किमान शिक्षा ठेवली, ती पावडर कोकेनला ५०० ग्रॅमला होती. पावडर प्रामुख्याने पैसेवाल्यांची, क्रॅक गरीब वस्तीतला. वर्तमानपत्रांनी ‘क्रॅक बेबी’ची भीती एवढी वाढवली की व्यसनी गरोदर बायकांवर खटले भरले गेले. नंतर फिलाडेल्फियात अशा मुलांना वीसेक वर्षं तपासत राहिलेल्या संशोधकांना आढळलं की त्यांच्या वाढीवर गर्भातल्या कोकेनपेक्षा गरिबीचा मार मोठा होता. टुपाकच्या कानावर तेव्हा त्या काळची भाषाच पडत होती. शिवाय घरात व्यसन त्याने स्वतः पाहिलं होतं, त्यामुळे त्या ओळीत एका मुलाचा रागही आहे.

त्याची आई कोण होती?

अफेनी शकूर. ब्लॅक लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाच्या न्यूयॉर्क शाखेतली कार्यकर्ती. १९६९ मध्ये तिच्यावर आणि इतर वीस जणांवर बॉम्बस्फोटांच्या कटाचा आरोप ठेवला गेला. खटल्यात तिने वकील न घेता स्वतःची बाजू स्वतः मांडली, तीही गरोदरपणात. मे १९७१ मध्ये सगळे आरोपी सर्व आरोपांतून सुटले आणि पुढच्याच महिन्यात, १६ जूनला, टुपाक जन्मला. नंतरची वर्षं हलाखीची गेली, ती क्रॅकच्या आहारी गेली, आणि पुढे त्यातून बाहेरही आली. मुलाच्या खुनानंतर जवळजवळ वीस वर्षं ती जगली. २०१६ मध्ये वारली.

ज्या गाण्यात मान ताठ ठेव म्हटलंय, ते लिहिणाऱ्याने अशी बाई ताठ उभी असलेली ऐकली होती आणि कोसळलेलीही पाहिली होती.

टुपाक स्वतः लैंगिक अत्याचारात दोषी ठरला ना? मग हे गाणं ऐकायचं कशाला?

हा प्रश्न जवळजवळ दर वेळी एखादी मुलगीच विचारते, आणि तो तिने विचारायलाच हवा.

तथ्य असं. सिंगल आल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, नोव्हेंबर १९९३ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातल्या घटनेवरून १९ वर्षांच्या मुलीने टुपाक आणि त्याच्या साथीदारांविरुद्ध तक्रार केली. डिसेंबर १९९४ मध्ये ज्युरीने त्याला फर्स्ट डिग्री लैंगिक अत्याचारासाठी दोषी ठरवलं, इतर गंभीर आरोपांतून सोडलं. शिक्षा दीड ते साडेचार वर्षं झाली; त्यातले काही महिने तो तुरुंगात होता आणि अपील चालू असताना जामिनावर सुटला. आरोप त्याने नाकारले. १९९६ मध्ये लास व्हेगासमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. याशिवाय त्याची अशीही गाणी आहेत ज्यांत बाईला शिवी हेच नाव आहे.

मी हे लपवून गाणं कधीच ऐकवत नाही. ‘माणूस वेगळा, कला वेगळी’ हे वाक्य मला इथे पटत नाही, कारण हे गाणंच पुरुषांना त्यांच्या वागण्याचा हिशेब मागतं. ते लिहिणाऱ्याला तो हिशेब माफ कसा होईल? पहिल्या कडव्यातले प्रश्न त्यालाही लागू आहेत, त्यानेच ‘आपण’ म्हटलं आहे. एखाद्या मुलीला हे कळल्यावर गाणं नको वाटलं तर मी आग्रह करत नाही. तिचं बरोबर आहे. मला ते हवं वाटतं ते लताशासाठी, आणि तिसऱ्या कडव्यातल्या त्या आईसाठी.

बायकांनी स्वतः या विषयावर रॅप केलं का, की पुरुषांनीच?

केलंच. आणि आधी केलं. क्वीन लतिफाने मोनी लव्हसोबत ‘लेडीज फर्स्ट’ १९८९ मध्येच केलं होतं. टुपाकच्या सिंगलच्या आसपासच, १९९३ च्या शेवटी, तिचं ‘युनिटी’ आलं: रस्त्यावरची छेडछाड, घरातली मारहाण, बायकांना शिवीने हाक मारणं, सगळ्यावर थेट. त्याला पुढे ग्रॅमी मिळालं. अलीकडचं ऐकायचं तर रॅप्सोडीचा २०१९ चा ‘ईव्ह’ हा अल्बम घ्या; त्यातलं प्रत्येक गाणं एकेका ब्लॅक स्त्रीच्या नावाने आहे. फक्त टुपाक ऐकून थांबू नका.

ब्लॅक म्हणायचं, काळ्या म्हणायचं की कृष्णवर्णीय?

मी ब्लॅक म्हणते. साठच्या दशकात त्या लोकांनी स्वतःसाठी अभिमानाने निवडलेला शब्द आहे. आपल्या छापील मराठीत ‘कृष्णवर्णीय’ चालतो आणि तो अपमानाचा नाही, पण ऐकायला सरकारी वाटतो. ‘काळी’ हा शब्द आपल्याकडे हिणवण्यासाठी इतका वापरला गेलाय की तो वापरताना मला संकोच वाटतो. जुन्या मराठी पुस्तकांतला ‘निग्रो’ आता नको.

आपला याच्याशी काय संबंध?

संबंध जुना आहे, ओढूनताणून आणलेला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव घेतलं ते अफेनी ज्या पक्षात होती त्या ब्लॅक पँथरवरून. दोन्हीकडे एक खंतही सारखी आहे: सभा, अन्नछत्रं, मोर्चे यांत बायका होत्या, नावं मात्र पुरुषांची राहिली. आपल्याकडे उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती घेतल्या नसत्या, तर ती नावंही गेली असती.

चाल इतकी हळवी का वाटते?

कारण ती उसनी आणि विचारपूर्वक उसनी आहे. खालचा ठेका ओहायोच्या झॅप या फंक गटाच्या १९८० च्या गाण्यातून घेतला आहे. ध्रुवपद शिकागोच्या फाइव्ह स्टेअरस्टेप्स या भावंडांच्या गटाच्या १९७० च्या गाण्यावरून, ज्यात लेकराला समजावलंय की बाळा, दिवस सोपे होतील. टुपाकच्या पिढीने ते घरातल्या रेडिओवर, आयांसोबत ऐकलं होतं. आयांचा दिलासा मुलाने उचलून आयांनाच परत दिला.

घरातल्या मुलांना ऐकवावं का?

साधारण तेरा-चौदा वर्षांपुढे, सोबत बसून. बलात्काराचा उल्लेख आहे आणि तो पुढे जाऊन विचारला जाणारच. माझा भाचा तेव्हा चौदाचा होता. त्याने एकच विचारलं, ‘मावशी, ती ज्यूसचे पैसे देणारच होती ना?’ मी हो म्हटलं. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं काहीच बोललो नाही.

पहिल्यांदा कसं ऐकू?

व्हिडिओ लावा, म्हणजे सुरुवातीची अक्षरं चुकणार नाहीत. एकदा शब्द न कळता ऐका, मग शब्द समोर ठेवून, आणि तिसऱ्या कडव्यात आवाज कुठे बदलतो ते शोधा. त्यानंतर सोफिया नाहली ॲलिसन यांनी लताशावर केलेला २०१९ चा छोटा माहितीपट बघा. विसेक मिनिटांचा आहे, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला होता. त्यात दुकानातलं ते चित्रण नाही. तिची मैत्रीण आणि नात्यातली बहीण तिच्याबद्दल बोलतात: ती कशी हसायची, कोणाच्या बाजूने भांडायची. २०२१ मध्ये तिच्या वस्तीतल्या क्रीडा केंद्राच्या भिंतीवर तिचं मोठं चित्रही रंगवलं गेलं. त्याचा फोटो मिळाला तर तोही बघून ठेवा, आणि मग गाणं पुन्हा लावा.